टाके निघेपर्यंत

मी नर्स होते असं कळलं की लोक हमखास दोन गोष्टी विचारतात. किती बाळंतपणं केली, आणि माणूस जाताना पाहून भीती नाही का वाटायची. ऑपरेशन झाल्यावर बाई जे आठ-दहा दिवस कॉटवर पडून असते, त्याबद्दल मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. त्यात विचारण्यासारखं असणार तरी काय? डॉक्टरांचं काम झालेलं, घरच्यांचा जीव भांड्यात पडलेला, आणि बाई छताकडे बघत टाके निघण्याची वाट बघतेय. पण माझी निम्मी नोकरी त्या वाट बघण्यात गेली, आणि ज्या बायका अजून आठवतात त्या बहुतेक तिथल्याच आहेत.

मी दौंडची. वडील लोको शेडमध्ये फिटर होते. आम्ही बौद्ध, कॉलनीतल्या आमच्या चाळीत नर्सिंगला गेलेली मी पहिलीच मुलगी. पुण्याला ट्रेनिंग झालं आणि सत्तर सालाच्या आगेमागे शिरूरच्या एका लहानशा दवाखान्यात नोकरी लागली. खाली ओपीडी, मागे ऑपरेशन थिएटर, आणि वर बायकांचा वॉर्ड. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सगळा तालुका नुसतं ‘बाई’ म्हणायचा. भूल द्यायला मात्र पुण्याहून डॉक्टर यायचे, म्हणून मोठी ऑपरेशनं ते येतील त्या दिवशी.

बायकांच्या पिशवीत गाठी होतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा नव्हतं. गर्भाशयाच्या भिंतीत मांसाची गाठ धरते. एखादीची लिंबाएवढी राहते आणि तिला मरेपर्यंत पत्ता लागत नाही. एखादीची वाढत वाढत नारळाएवढी होते. हा कॅन्सर नव्हे, पण अंगावरून इतकं जातं की बाई कागदासारखी पांढरी पडते. चाळिशी ओलांडलेली, चार पोरांची आई असली तर बाई सरळ पिशवीच काढून टाकत. पण पोरबाळ नसलेली तरणी मुलगी असली तर नुसती गाठ काढून पिशवी शिवून ठेवायची. हे काम जास्त अवघड, कारण त्यात रक्त फार जातं.

ऑपरेशननंतरचं आमचं काम सांगते. पोट उघडलं की आतडी झोपी जातात. ती जागी होईपर्यंत पोटात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. नुसता ओला कापूस ओठांना लावायचा. आणि आतडी जागी झाली हे ओळखायचं कसं, तर वारा सरला की. त्यामुळे रोज सकाळी वॉर्डात शिरताना माझा पहिला प्रश्न तोच असायचा. खेड्यातल्या बायका लाजून तोंडावर पदर घ्यायच्या. दीर, सासरे जिन्यात उभे. त्यांच्या कानावर जाईल असं उत्तर कोण देणार? तहानेनं जीव जायला लागला तरी बोलायच्या नाहीत.

ही अडचण सोडवली दौंडच्या मुमताज आपांनी. त्यांचे यजमान इंजिनवर फायरमन होते. आपांची पिशवी काढली होती आणि त्यांची कॉट खिडकीजवळ होती. पहिल्या दिवशी मी विचारलं तर म्हणाल्या, “सिस्टर, सिग्नल पडलाय, पण गाडी अजून यार्डातच हाय.” आजूबाजूच्या बायकांना क्षणभर कळलं नाही, आणि कळलं तेव्हा पोटावर हात दाबून सगळ्या हसल्या. टाक्यांवर हसणं म्हणजे काय असतं ते ज्यांना झालंय त्यांनाच माहीत. “हसवू नगा ओ आपा,” म्हणून एक तर रडायलाच लागली. पण त्या दिवसापासून वॉर्डाला भाषा मिळाली. दुसऱ्या दिवशी आपा लांबूनच ओरडल्या, “सुटली गाडी! आता चहा आना.”

आपांच्या शेजारच्या कॉटवर न्हावऱ्याची इंदू होती. सगळी गोष्ट तिचीच आहे.

इंदू पहिल्यांदा आली तेव्हा मलाच वाटलं, पाचव्या-सहाव्या महिन्याची आहे. पोट तसंच दिसत होतं. लग्नाला बरीच वर्षं झालेली, पोर नाही. दुष्काळी कामावर खडी फोडताना पोट जड लागायला लागलं, पण त्या वर्षात स्वतःच्या पोटाकडे कोण बघतंय. पुढं ते वाढलेलं दिसायला लागलं तशी सासू हरखली. अंगावर जातंय तरी पोट वाढतंय म्हणजे ‘पोटावर विटाळ’, दिवस गेलेले असूनही पाळी, असं कुणीसं तिला सांगितलं होतं. तिनं शेजारपाजारी साखर वाटली, सुनेला जड कामाला हात लावू दिला नाही. नऊ महिने होऊन गेले, वर आणखी गेले, आणि मूल काही येईना. मग बैलगाडीतून एसटीपर्यंत आणि एसटीतून आमच्याकडे.

सासूचं नाव सरूबाई. उंच, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. नवरा लवकर गेला, तेव्हापासून शेत, जनावरं, कांद्याची वखार सगळं एकटीनं ओढलेलं. इंदू त्यांना ‘आत्या’ म्हणायची, आणि त्यांच्यापुढे मान वर करून कधी बोलायची नाही. नवरा बबन हा भला माणूस, पण आईसमोर त्याचीही जीभ टाळ्याला चिकटायची.

बाईंनी तपासून सगळं सांगितलं. “मूल नाही, गाठ आहे. गाठ काढते. पिशवी वाचवायचा पुरता प्रयत्न करते. पण रक्त थांबेनासं झालं तर पिशवीही काढावी लागेल. कबूल आहे का?”

सरूबाई काही बोलायच्या आत बबन म्हणाला, “बाई, तिला जगवा. बाकीचं बगू.”

सासूनं मान झटकन त्याच्याकडे वळवली. मला वाटतं, आईच्या आधी तोंड उघडायची त्याची ती पहिलीच वेळ. त्यानं स्वतःचं रक्तही दिलं. काचेच्या बाटलीत ते उतरताना बघून चक्कर आली, पण पाणी पिऊन पुन्हा बाकावर बसून राहिला.

ऑपरेशन चांगलं झालं. मी आत होते. बाईंनी गाठ मोकळी केली, तिची जागा थरावर थर घालून शिवली, आणि पिशवी पुन्हा आपल्या जागी ठेवली. थोडी वेडीवाकडी दिसत होती, पण होती. बाई मास्कमधूनच म्हणाल्या, “राहिली गं बाई.” मोठ्या ऑपरेशननंतर त्या कधी असं बोलायच्या नाहीत.

घोळ झाला तो बाहेर. काढलेली गाठ नातेवाइकांना दाखवायची पद्धत होती, म्हणजे ऑपरेशन खरंच झालं याची त्यांना खात्री पटायची. एनामलच्या ट्रेमध्ये ठेवून, फडकं झाकून आमची आया बाहेर घेऊन गेली. सरूबाईंनी फडकं उचललं. नारळाएवढा, पांढुरका, गुळगुळीत गोळा. त्यांनी तो पाहिला आणि तिथंच फरशीवर बसल्या.

“काढली,” त्या म्हणाल्या. “माझ्या सुनंची पिशवी काढली.”

आयानं सांगितलं, मी सांगितलं, बाईंनी हात धुऊन बाहेर येऊन सांगितलं, “सरूबाई, ही नुसती गाठ. पिशवी आत आहे. मी शिवून ठेवलीय.” त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि एका शब्दावर विश्वास ठेवला नाही.

त्यांना दोष देता येत नाही. त्या वर्षी कुटुंबनियोजनाचा फार जोर होता. जीप दिसली की गडीमाणसं शेतात पळायची. दवाखाना म्हटलं की पोरं बंद करायची जागा, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं. त्यातून इतका मोठा गोळा समोर ठेवल्यावर त्या बिचारीनं काय समजावं? दुपारच्या एसटीनं गावचा कुणी माणूस गेला, आणि संध्याकाळपर्यंत न्हावऱ्यात झालं, की बबनची बायको रिकामी झाली.

इंदूला यातलं काही माहीत नव्हतं. ती सुरुवातीला इतकी छान सुधारत होती! अशक्त होती, पण चिवट होती. तिला मी उशी पोटाशी धरून खोकायला शिकवलं. छातीत कफ बसू नये म्हणून खोकायचं, आणि टाक्यांना हिसका बसू नये म्हणून उशी दाबायची. पोटाला रुंद पट्टा बांधलेला. उठवून उभी केली की सगळ्या बायका कमरेत वाकून चालतात, टाके उसवतील या भीतीनं. मी म्हणायची, “सरळ व्हा, बाईंची शिवण आहे, उसवत नाही.” इंदू पहिल्याच खेपेला सरळ झाली. आपा कॉटवरून म्हणाल्या, “ही बघा, मास्तरनी निघाली शाळेला.” भाताची पेज तिनं वाटी चाटूनपुसून संपवली. पोट सपाट झालंय, हेच तिला नवल वाटत होतं. सारखी हात फिरवून बघायची.

मग न्हावऱ्याहून आप्पा आले. बबनचे थोरले चुलते, गावातलं वजनदार माणूस, पांढरा फेटा, हातात काठी. पेशंटला बघायला आले म्हणून दारातून डोकावले, आणि नंतर जिन्याच्या खाली बाकावर बसून मायलेकांशी बोलायला लागले. वॉर्डाच्या खिडक्या त्याच बाजूला. आप्पांचा आवाज शेतात हाका मारणाऱ्याचा. हळू बोलायचं ठरवलं तरी वरपर्यंत यायचा.

“हे बग बबन, झालं ते झालं. तिला काय टाकायची न्हाई. दोन टाईम भाकर खाईल, ऱ्हाईल घरात. पर वंशाला दिवा नगं का? पाटसच्या पाव्हण्यांची पोरगी हाय. मी शब्द टाकलाय.”

बबननं मान खाली घातली. सरूबाई म्हणाल्या, “आदी तिला घरी तर न्हेऊ द्या.” त्या ‘नाही’ म्हणाल्या नाहीत, हे इंदूला वर बरोबर ऐकू आलं.

त्या दिवसापासून तिनं उठणं सोडलं. पेजेची वाटी तशीच राहायला लागली. खोक म्हटलं तर तोंड भिंतीकडे. संध्याकाळी अंगात कणकण. नर्सला हे सगळ्यात भीतीचं. जखम कोरडी असते, नाडी ठीक असते, आणि बाई मात्र हातातून निसटत चाललेली असते.

मी तिचं ड्रेसिंग करत होते तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. “सिस्टर, तुमी आत व्हता न्हवं? खरं सांगा. पिशवी हाय का न्हाई?”

“आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय.”

तिनं माझं मनगट सोडलं. मग म्हणाली, “तुमी तसंच सांगनार. रडनाऱ्या बाईला कोन खरं सांगतंय? मला म्हायेरी धाडून द्या. हितनंच.”

मला राग आला आणि रडूही आलं. आपा मधे पडल्या, “अगं पोरी, माझी काढलीय, मला सांगितलं की त्यांनी. मला खरं सांगितलं तर तुला खोटं कशाला सांगतील?” बोलणं चोख होतं, पण मन बुडालेल्या माणसाला चोख बोलणं ऐकू येत नाही.

बाईंना मी सगळं सांगितलं. त्या खाली जाऊन आप्पांशी भांडून आल्या. आप्पांनी हात जोडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बाकावर बसले.

त्यानंतरची एक सकाळ. मी इंदूला जवळजवळ दटावूनच उठवलं होतं. सरूबाई एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. व्हरांड्यात चार पावलं टाकली असतील, तोच इंदू थांबली. “पोटात कळ आली,” म्हणाली. मी खाली पाहिलं तर पायावरून रक्ताचा ओघळ.

गाठ काढलेल्या बाईच्या आत रक्तस्राव सुरू झाला तर काय होतं ते मी पुण्याला पाहिलं होतं. तिला जवळजवळ उचलूनच कॉटवर घेतलं, पायांखाली उशा दिल्या, आयाला बाईंकडे पिटाळलं. नाडी बघितली. जलद होती, पण भरलेली होती. सरूबाई कॉटच्या पायथ्याशी दोन्ही हातांनी लोखंडी दांडा धरून उभ्या. “गेली का गं पोर?” एवढंच पुटपुटत होत्या. त्या वेळी त्यांच्या मनात वंश नव्हता आणि दिवाही नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

बाई ओपीडी सोडून आल्या. पापणी खाली ओढून पाहिली, ब्लडप्रेशर घेतलं, पोट चाचपलं. पोट मऊ. टाके कोरडे. पडदा ओढून तपासलं. मग इंदूच्या कानाशी वाकून काहीतरी विचारलं. इंदूनं बोटांवर हिशोब केला आणि मान हलवली.

बाई पडदा सारून बाहेर आल्या. एरवी कधी हसायच्या नाहीत, पण तोंडभर हसत होत्या.

“काही झालेलं नाही. हिची पाळी आलीय.”

मग बाई सरूबाईंकडे वळल्या. “सरूबाई, मी खोटं बोलते, सिस्टर खोटं बोलते. पण पिशवी नसती तर हे आलं कुठनं?”

हे कळायला सरूबाईंना डॉक्टर लागत नव्हता. त्यांनी पडदा बाजूला केला, आत गेल्या आणि सरळ इंदूच्या कॉटवर बसल्या. त्या काळात न्हावऱ्याला त्यांच्या घरी पाळीतली सून गोठ्याशेजारी बसायची, तिच्या ताटालासुद्धा सासू हात लावायची नाही. इथं त्यांनी तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. केसांवरून हात फिरवत राहिल्या. इंदू मात्र लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली, आणि मी मुकाट्यानं उशी तिच्या पोटाशी सरकवली, कारण रडण्यानंही टाक्यांना तेवढाच हिसका बसतो.

आपा म्हणाल्या, “या अल्ला, पाळी आली म्हणून पेढे वाटनारं घर पहिल्यांदाच बघते.”

सरूबाईंनी इंदूचं लुगडं बदललं, खराब झालेली कापडं स्वतः मोरीत नेऊन धुतली. आया “मी करते” म्हणाली तर तिला बाजूला केलं. हात पुसत त्या जिना उतरल्या. मीही औषधं आणायला मागोमाग होते, म्हणून पुढचं ऐकलं. आप्पा बाकावर होतेच. जन्मात ज्यांच्यासमोर पदर ढळू दिला नव्हता, त्यांच्यासमोर त्या ताठ उभ्या राहिल्या.

“आप्पा, पिशवी जाग्यावर हाय.”

“कुनी सांगितलं? त्या डाक्टरनीनं?”

“डाक्टरनीचं न्हाई सांगत. म्या बगितलंय.”

“काय बगितलं?”

“ते बाप्यांना सांगायचं नसतंय. पाटसच्या पाव्हण्यांना निरोप धाडा, आमच्यात जागा न्हाई. आन् तुमी निगा आता, एस्टी चुकंल.”

आप्पांनी बबनकडे पाहिलं. बबन तोवर उठून उभा राहिला होता. त्यानं नम्रपणे वाकून चुलत्यांची काठी उचलून त्यांच्या हातात दिली. आप्पा गेले.

इंदूनं त्या दुपारी दोन वाट्या पेज खाल्ली. टाके निघाले तेव्हा जखम बारीक दोऱ्यासारखी दिसत होती. घरी जाताना बाईंनी बजावलं: चांगले तीन महिने हंडा, पाटी, ओझं काही उचलायचं नाही. प्रत्येकीला आम्ही हे सांगायचो आणि प्रत्येक बाई मान हलवायची. नंतर काय व्हायचं ते आम्हाला ठाऊक होतं. माझ्याच हातची एक बाई टाके निघायच्या आधीच म्हैस व्यायली म्हणून निघून गेली होती. परत आली तेव्हा जखम उघडलेली होती, आणि पुढं ती बरेच महिने पडून राहिली. तिचं मला अजून वाईट वाटतं. दवाखान्याचा जिना उतरला की आमचं राज्य संपायचं.

म्हणून त्या खेपेला मी वेगळं केलं. सुट्टीत दौंडला जाताना शिरूरची एसटी न्हावऱ्यावरूनच जाते. मी मधेच उतरले आणि घर विचारत गेले. वाटेत विहिरीकडून बबन येताना दिसला, खांद्यावर भरलेला हंडा. पारावरची चार टाळकी त्याला काहीतरी म्हणत होती, आणि तो कान लाल करून चालत होता. मला बघून इतका ओशाळला की हंडा हिंदकळला.

“आईचा हुकूम हाय, सिस्टर,” म्हणाला. “इंदीनं हंड्याला हात लावला तर दोघांचं बी जेवान बंद.”

इंदू ओसरीवर कांदे निवडत बसली होती. अंगावर रक्त चढलं होतं, गाल भरले होते. तिनं चहा केला आणि घरातल्याच कपबशीत मला दिला. सरूबाईंनी ते पाहिलं. माझं आडनाव त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कप वेगळा ठेवायला त्यांनी सांगितलं नाही. त्या वर्षांत गावात एवढंही सहज होत नसे. चहा पिऊन मी उठले तर त्या मला वाटेला लावायला आल्या.

बांधावर आल्यावर म्हणाल्या, “एक इचारू का? आमच्या भावकीत एक बाई हाय. तिच्या अंगावर लई जातंय. दोन-तीन वर्सं झाली. वय बी झालंय आता. ते आपसूक थांबतंय का?”

“कोण बाई?”

“हाय एक.”

“चक्कर येते का त्या बाईला?”

“कवा कवा. खुरपताना डोळ्याम्होरं अंदारतंय.”

मी त्यांच्या हाताची नखं बघत होते. अगदी पांढरी. सुनेच्या उशाशी इतके दिवस बसून राहिलेल्या या बाईकडे मी नर्स असून नीट पाहिलं नव्हतं. वॉर्डात आम्ही कॉटवरच्या माणसाकडेच बघतो. म्हटलं, “मावशी, त्या बाईला घेऊन या. तुम्हीच घेऊन या.”

त्या हसल्या नाहीत. नुसतं “बगू” म्हणाल्या.

कांद्याची काढणी आटोपल्यावर त्या आल्या. इंदूनंच आणलं. बाईंनी तपासलं, तर त्यांनाही गाठी. या वयात पिशवी ठेवायचं काही कारण नव्हतं. सरूबाईंनी एकच प्रश्न विचारला, “माज्या माघारी शेताचं कोन बगनार?” त्याचं उत्तर इंदूनं दिलं, मान वर करून. “मी बगीन की, आत्या. आता मला कोन हंडा उचलायला न्हाई म्हनतंय?”

प्रत्यक्षात शेत बबननं बघितलं आणि इंदू सासूच्या उशाशी राहिली. ऑपरेशननंतर मला काही करूच द्यायची नाही. ओठाला कापूस तीच लावायची, पाय हलवायला तीच सांगायची. “आत्या, वाकून चालू नगा. खोका बगू. आसं न्हाई, उशी धरा.” सरूबाई डोळे वटारायच्या. मी जवळ गेले की माझ्याकडे तक्रार करायच्या, “ही लई छळती बया.” आणि इंदूनं सांगितलेलं निमूटपणे करायच्या.

इंदूला पुढे मूल झालं का, हे वाचणाऱ्याला हवंच असेल. झालं, पण लगेच नाही. दशक सरता सरता तिला मुलगी झाली. पिशवीवर शिवण असल्यानं बाईंनी तिला आधीच पुण्याला पाठवलं होतं आणि तिथं सिझेरियन करावं लागलं. दुसरं काही झालं नाही. आप्पा बारशाला आले होते, असं बबन सांगत होता. तोवर मी दौंडला दुसऱ्या नोकरीवर गेले होते.

शिरूरच्या त्या वर्षांतलं मला मनापासून आवडतं ते मात्र सरूबाईंचे टाके काढले त्या दिवसाचं. बाई राउंडला आल्या, जखम पाहिली, म्हणाल्या, “छान. सरूबाई, उद्या घरी.” सरूबाईंनी मान हलवली. बाई पुढच्या कॉटकडे गेल्या. मग सरूबाईंनी इंदूला चहा आणायला खाली पाठवलं आणि मला खुणेनं जवळ बोलावलं.

“पोरी, आनखी चार दिस हितंच ऱ्हायले तर चालंल का?”

“का हो मावशी? दुखतंय कुठं?”

“न्हाई. दुकत काय न्हाई.” त्यांनी चादर उगीच सारखी केली. “लगीन झाल्यापास्नं दिवसाउजेडी पाठ टेकली न्हवती गं. हितं पडल्यावर कळलं. लई ग्वाड लागतंय.”

मी बाईंना जाऊन सांगितलं. वॉर्डात तेव्हा कॉटा रिकाम्या होत्या. बाई हात धुता धुता म्हणाल्या, “घरच्यांना सांगा, अशक्तपणा आहे, आत्ता हलवायचं नाही.”

मी परत आले तर इंदूही वर आली होती. सासू कुशीवर वळून गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं, पदर बाजूला घसरलेला. बाहेर टळटळीत ऊन होतं. इंदूनं त्यांना उठवलं नाही. चहाच्या कपावर बशी झाकली, खिडकीचं एक दार लोटून त्यांच्या डोळ्यांवरचं ऊन अडवलं आणि माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.